देशाची तिमाही ८.२ टक्क्यांची, मग भुईगावची किती?

२८ नोव्हेंबरला दुपारी चारच्या सुमारास सगळ्यांच्या मोबाईलवर एकच नोटिफिकेशन आलं. जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत देशाचा जीडीपी ८.२ टक्क्यांनी वाढला. टीव्हीवर लगेच चर्चा सुरू झाली, काही तासांत व्हॉट्सॲपवर ग्राफिक्स फिरायला लागली.

आता एक साधा प्रश्न. वसई-विरारच्या पश्चिम पट्ट्यात, नालासोपाऱ्याच्या पलीकडे समुद्राला लागून भुईगाव आहे. वाड्या, विहिरी, बावखलं, पुढे सुरूचं बन आणि मग किनारा. याच तीन महिन्यांत भुईगावची अर्थव्यवस्था किती टक्क्यांनी वाढली?

उत्तर असं आहे की हा आकडाच अस्तित्वात नाही. भुईगावचा नाही, वसई तालुक्याचा नाही, पालघर जिल्ह्याचा नाही आणि महाराष्ट्राचाही नाही. दर तीन महिन्यांनी येणारा जीडीपी फक्त अख्ख्या देशाचा असतो. राज्याचं उत्पन्न वर्षातून एकदा मोजलं जातं. जिल्ह्याचं उत्पन्नही वार्षिकच असतं, आणि त्यातला मोठा भाग वरून खाली वाटून काढलेला असतो. म्हणजे राज्याचा आकडा घ्यायचा आणि कामगारांची संख्या किंवा उत्पादन अशा निर्देशकांच्या प्रमाणात तो जिल्ह्यांत विभागायचा. तालुक्याच्या खाली तर काहीच उतरत नाही.

(अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा १९५६ साली याच भुईगावात सापडला होता. पाटलीपुत्रातल्या सम्राटाचं म्हणणं इथपर्यंत पोहोचलं होतं. सांख्यिकी मंत्रालयाचं अजून पोहोचायचंय.)

पण आकडा नाही म्हणून तिमाही नव्हती असं नाही. या तीन महिन्यांत या पट्ट्यातल्या लोकांनी कमावलं, गमावलं, पुढे ढकललं. त्याच्या खुणा सापडतात, फक्त त्या एका ओळीच्या बातमीत मावत नाहीत.

आधी ८.२ म्हणजे काय ते पाहू

गेल्या वर्षीच्या जुलै-सप्टेंबरमध्ये देशाचा वास्तविक जीडीपी ४४.९४ लाख कोटी रुपये होता, यंदा तो ४८.६३ लाख कोटी झाला. हा फरक ८.२ टक्क्यांचा. 'वास्तविक' म्हणजे महागाईचा परिणाम वजा करून काढलेला. महागाई वजा न करता मोजलं तर वाढ ८.७ टक्के आहे.

या दोन आकड्यांमध्ये फक्त अर्ध्या टक्क्याचं अंतर आहे, आणि आपल्या गोष्टीतली पहिली मेख इथेच आहे. अंतर इतकं कमी असण्याचा अर्थ किमती जवळपास वाढल्याच नाहीत. सप्टेंबरमध्ये किरकोळ महागाईचा दर दीड टक्क्याच्या आसपास होता आणि भाज्यांच्या किमती तर वर्षभरापूर्वीपेक्षा २१ टक्क्यांहून जास्त खाली होत्या.

दादरला किंवा बोरिवलीला भाजी घेणाऱ्यासाठी ही आनंदाची बातमी आहे. भुईगावात तीच भाजी पिकवणाऱ्यासाठी काय आहे?

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा एका वाडीतून गेल्या वर्षी पालेभाजीच्या १०० जुड्या निघाल्या आणि २० रुपयांनी विकल्या. हातात २,००० रुपये आले. यंदा १०५ जुड्या निघाल्या, पण भाव १६ वर आला. हातात आले १,६८०. वास्तविक जीडीपीच्या भाषेत ही वाडी ५ टक्क्यांनी वाढली, कारण तिथे जुड्या मोजल्या जातात. वाडीच्या मालकिणीच्या भाषेत कमाई १६ टक्क्यांनी घटली, कारण ती पैसे मोजते. खत, मजुरी, पहाटेच्या रिक्षाचं भाडं आणि मुलाची फी यातलं काहीच २१ टक्क्यांनी स्वस्त झालं नाही.

दोन्ही हिशोब बरोबर आहेत. पण बातमी एकाच हिशोबाची होते.

गावाकडे पैसा येतो कुठून?

वसईच्या पश्चिम पट्ट्याची ओळख अजूनही हरित वसई अशीच आहे. भुईगाव, निर्मळ, गास, नाळे, राजोडी, वाघोली, आगाशी ही गावं एकमेकांना लागून आहेत. केळीच्या बागा आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत, पण राजेळी केळ्यांची सुकेळी हा पदार्थ अजूनही इथलाच म्हणून ओळखला जातो. फुलं, पालेभाज्या, वेलभाज्या, थोडा भात आणि तबेल्यांतलं दूध. पहाटेच्या लोकलमध्ये वसई रोडला किंवा नालासोपाऱ्याला टोपल्या घेऊन चढणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. मुंबईच्या उपनगरांची कित्येक दशकं त्यांच्याशी ओळख आहे.

पण आज एखाद्या घराची कमाई फक्त वाडीतून येते असं सहसा नसतं. घरातला एकजण चर्चगेट लोकलने नोकरीला जातो, एखादी मुलगी शाळेत किंवा रुग्णालयात काम करते, कुणी आखातात असतो, कुणी जहाजावर. कुणाकडे चाळीचं भाडं येतं, कुणी पूर्वी विकलेल्या जमिनीचे पैसे बँकेत ठेवलेत. वाडी आहे, पण ती चालते अनेकदा पगाराच्या आधारावर. हा भाग लक्षात ठेवा, कारण व्याजदराकडे येऊ तेव्हा तो लागणार आहे.

थोडं पलीकडे गेलं की चित्र बदलतं. अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव इथे मासेमारी. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे इथे लहान कारखान्यांच्या औद्योगिक वसाहती. आणि मधे नालासोपारा-विरारची प्रचंड लोकवस्ती. २०११ च्या जनगणनेत पालघर जिल्ह्याच्या (तेव्हा तो ठाण्यात होता, वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला) सुमारे ३० लाख लोकसंख्येपैकी १३ लाखांहून जास्त लोक एकट्या वसई तालुक्यात राहत होते. त्यामुळे 'पालघर जिल्ह्याचं सरासरी उत्पन्न' हा आकडा आला की त्यात वसईचे पगार आणि मोखाडा-जव्हारची रोजंदारी एकत्र कालवलेली असते. तो आकडा धड वसईचा नसतो आणि धड जव्हारचाही नसतो.

फुलांची तिमाही पंचांग ठरवतं

आता या तिमाहीतली मला सर्वात रंजक वाटलेली गोष्ट.

फुलं पिकवणाऱ्याचं वर्ष एप्रिलला सुरू होऊन मार्चला संपत नाही. ते श्रावणात उठतं, गणपतीत धावतं, पितृपक्षात बसतं आणि नवरात्रात पुन्हा धावतं. जास्वंद, सोनचाफा, तगर यांचा भाव दादरच्या फूलबाजारात दिवसागणिक बदलतो, आणि तो बदलतो तिथीनुसार.

२०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. पितृपक्ष १८ सप्टेंबरला सुरू झाला आणि नवरात्र बसलं ३ ऑक्टोबरला. म्हणजे जुलै-सप्टेंबरच्या तिमाहीत गणपती आला, पण नवरात्र अख्खं पुढच्या तिमाहीत गेलं. वर सप्टेंबरचा शेवट पितृपक्षात.

२०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली आणि घटस्थापना २२ सप्टेंबरला. म्हणजे ३० सप्टेंबरला तिमाही संपली तेव्हा नवरात्राचे नऊ दिवस होऊन गेले होते. एकाच तिमाहीत श्रावण, गणपती आणि जवळजवळ संपूर्ण नवरात्र. दसरा मात्र २ ऑक्टोबरला, दोन दिवसांनी निसटून पुढच्या तिमाहीत.

तिमाही जीडीपीची तुलना नेहमी गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करतात. कारण स्पष्ट आहे, पावसाळ्याची तुलना उन्हाळ्याशी करून उपयोग नाही. ही पद्धत पावसाला लागू पडते, कारण पाऊस साधारण त्याच महिन्यांत येतो. सणांना ती लागू पडत नाही. ते दोन-तीन आठवडे इकडेतिकडे सरकतात. त्यामुळे या वर्षी कुणी वसईच्या फूलवाल्यांची जुलै-सप्टेंबरची उलाढाल गेल्या वर्षीच्या शेजारी ठेवली, तर ती बरीच वाढलेली दिसण्याची शक्यता जास्त. फूल एकही जास्त आलेलं नसलं तरी.

चीनमध्ये नववर्षाचा सण कधी जानेवारीत तर कधी फेब्रुवारीत येतो, म्हणून तिथे या दोन महिन्यांचे बरेचसे आकडे एकत्रच जाहीर करतात. आपल्याकडे मात्र गणपती आणि नवरात्र कोणत्या तिमाहीत पडलं हे वाचणाऱ्यानेच कॅलेंडर काढून बघायचं.

फुलांच्या बाबतीत दुसरी अडचण म्हणजे पाऊस. १८ आणि १९ ऑगस्टला मुंबईसह वसई-विरारला पावसाने झोडपलं, रस्त्यांवर पाणी साचलं, लोकल विस्कळीत झाल्या. सोनचाफा दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. लोकल बंद पडली की फूल झाडावर किंवा टोपलीत संपतं. फॅक्टरीचा माल एक दिवस उशिरा गेला तर तो पुढच्या दिवसाच्या विक्रीत येतो, फुलाचा तो दिवस परत येत नाही.

मासेमारीची तिमाही दोन महिन्यांची

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. म्हणजे एप्रिल-जून या तिमाहीतला एक महिना आणि जुलै-सप्टेंबरमधला एक महिना बंद. २०२५ मध्ये नारळी पौर्णिमा ८ ऑगस्टला होती, आणि ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा वादळी हवामान. बोटी उभ्या असतानाही जाळी, इंजिन, डागडुजी यांचा खर्च होतोच, खलाशांना आगाऊ रक्कम द्यावी लागते.

या बंद काळात कोळी घरांना आधार असतो सुक्या मासळीचा. एप्रिल-मेमध्ये बोंबील वलांडीवर वाळत घालायचे आणि आगोटीच्या बाजारात, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या खरेदीत ते विकायचे. २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस आला. २६ मे रोजी मान्सून मुंबईत दाखल झाला, इतक्या लवकर तो ७५ वर्षांत आला नव्हता. वाळत घातलेली मासळी भिजली, मिठागरांचा शेवटचा हंगाम हुकला, वीटभट्ट्यांवरच्या कच्च्या विटा विरघळल्या.

हे नुकसान झालं एप्रिल-जून तिमाहीत. त्याचा चटका बसला जुलैमध्ये, जेव्हा बोटी बंद होत्या आणि विकायला सुकी मासळी पुरेशी नव्हती. त्या एप्रिल-जून तिमाहीत देशाचा जीडीपी ७.८ टक्क्यांनी वाढला होता.

आणि मग २७ ऑगस्ट

या तिमाहीतला एकच दिवस निवडायचा झाला तर मी हा निवडेन.

मध्यरात्री बाराच्या सुमारास विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट या चार मजली बेकायदा इमारतीचा भाग कोसळला. १७ जण गेले. सकाळी घरोघरी गणपती बसले. आणि भारतीय वेळेनुसार सकाळी साडेनऊला अमेरिकेने भारतीय मालावर आणखी २५ टक्के आयात शुल्क लागू केलं, एकूण ५० टक्के.

या तिन्ही गोष्टींचा हिशोब तीन वेगळ्या प्रकारे लागतो.

गणपतीची खरेदी सरळ जीडीपीत जाते. निदान जी पकडता येते ती.

आयात शुल्काचा परिणाम या भागात सर्वांवर सारखा नाही. अमेरिकेला जाणारी कोळंबी मुख्यतः शेततळ्यांत वाढवलेली, आणि तीही बरीचशी आंध्र प्रदेशातली. वसईच्या बोटीवरचे बोंबील आणि पापलेट मुंबईच्या बाजारात खपतात. त्यामुळे बंदरापेक्षा धग जास्त पोहोचते ती कारखान्यांकडे. वसई पूर्वेच्या गाळ्यांतले अनेकजण थेट निर्यात करत नाहीत, निर्यातदारांना सुटे भाग, पॅकेजिंग, साचे पुरवतात. निर्यातदाराने ऑर्डर थांबवली की पुरवठादाराचं बिल अडकतं, आणि त्यानंतर ओव्हरटाईम बंद होतो. त्यात तीन महिने सहज जातात. त्यामुळे जुलै-सप्टेंबरच्या आकड्यांत शुल्काचा फटका दिसला नाही यात आश्चर्य नाही. उलट शुल्क लागायच्या आत माल पाठवून द्यायची घाई झाली होती.

आणि कोसळलेली इमारत? जीडीपीतला 'जी' म्हणजे ग्रॉस, ढोबळ. जे नष्ट झालं ते त्यातून वजा होत नाही. इमारत बांधली तेव्हा तिच्या सिमेंट-सळईची आणि मजुरीची भर पडली. ती पडली तेव्हा काही कमी झालं नाही. ढिगारा उपसायचं काम आणि उद्या उभी राहणारी नवी इमारत, दोन्ही पुन्हा वाढीतच धरली जातील. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपाऱ्यात न्यायालयाच्या आदेशानंतर ४१ बेकायदा इमारती पाडण्यात आल्या. तिथल्या कुटुंबांनी आयुष्यभराची बचत घालून घेतलेली घरं गेली. वसई-विरारमध्ये बांधकाम हा वाढीचा मोठा स्रोत मानला जातो. पण या शहरात घर हीच बहुतेकांची एकमेव संपत्ती आहे, आणि ती संपत्ती किती पक्की आहे हे जीडीपी विचारतच नाही.

आकड्यांच्या जाळ्यातून काय निसटतं?

तिमाही आकडा दोन महिन्यांच्या आत तयार करावा लागतो. इतक्या लवकर प्रत्येक दुकानाचा, वाडीचा हिशोब मिळणं शक्य नाही. मग शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे निकाल, जीएसटी, सिमेंट-पोलाद, वाहनविक्री, रेल्वे आणि बंदरांची मालवाहतूक अशा निर्देशकांवरून अंदाज बांधला जातो. असंघटित क्षेत्राचा बराचसा भाग मागच्या सर्वेक्षणाच्या आधारावर आणि या निर्देशकांच्या गतीने पुढे सरकवला जातो. थोडक्यात, मोठ्या कंपन्या वाढल्या तर टोपलीवालीही वाढली असं बऱ्याच प्रमाणात गृहीत धरलं जातं.

हा आक्षेप काही नवीन नाही. ८.२ चा आकडा यायच्या दोनच दिवस आधी प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने भारताच्या राष्ट्रीय लेखा आकडेवारीला 'सी' श्रेणी दिली. आकडे वेळेवर येतात, पण पद्धतीत उणिवा आहेत, असा त्याचा रोख. २०११-१२ हे आधारवर्ष जुनं झालंय हे सरकारनेही मान्य केलं होतं. २०२२-२३ हे नवं आधारवर्ष धरून तयार केलेली मालिका २७ फेब्रुवारी २०२६ ला येणार असं जाहीर झालं होतं.

भुईगावच्या बाबतीत हे निसटणं फार ठळक आहे. ताजी भाजी, ताजी फुलं, सुटं दूध आणि ताजी मासळी यांवर जीएसटी शून्य आहे. वर मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. त्यामुळे महाराष्ट्राच्या जीएसटी वसुलीचा दर महिन्याचा आकडा कितीही मोठा असो, त्यात वाडीचा माल कुठेच नसतो.

बँकांचं बघा. रिझर्व्ह बँक दर तीन महिन्यांनी जिल्हावार ठेवी आणि कर्जांचे आकडे देते. जिल्ह्याच्या पातळीवर नियमित मिळणारी ही मोजक्या चांगल्या गोष्टींपैकी एक. पण ते आकडे अनुसूचित व्यापारी बँकांचे असतात, सहकारी बँका त्यात नाहीत. आणि वसईत सहकारी बँक म्हणजे काय हे वसईकराला सांगायची गरज नाही. बसीन कॅथॉलिक बँकेची मुळं १९१८ सालची आहेत. गावातल्या कित्येक घरांचं पहिलं खातं, शैक्षणिक कर्ज, जमिनीच्या पैशांची मुदत ठेव सहकारी बँकेतच असते. म्हणजे पैसा आहे तिथे दिवा नाही आणि दिवा आहे तिथे निम्माच पैसा.

रोजगाराचे आकडे सुधारलेत. जानेवारी २०२५ पासून श्रमबल सर्वेक्षणाची पद्धत बदलली. आधी तिमाही आकडे फक्त शहरांचे यायचे, आता ग्रामीण भागाचेही येतात. जुलै-सप्टेंबरमध्ये १५ वर्षांवरील लोकांचा बेरोजगारीचा दर ५.२ टक्के होता, आधीच्या तिमाहीत ५.४. नमुना निवडतानाही आता जिल्हा हा पायाभूत घटक धरला जातो.

पण मग भुईगाव ग्रामीण की शहरी? वरवर सोपा वाटणारा हा प्रश्न या भागात पंधरा वर्षं राजकारणाचा विषय होता. ३ जुलै २००९ ला चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली. पश्चिम पट्ट्यातली गावं आम्हाला महापालिका नको म्हणून रस्त्यावर उतरली. २०११ मध्ये सरकारने २९ गावं वगळायचा निर्णय घेतला, तो न्यायालयात अडकला, आणि २०२४ मध्ये सरकारने ती गावं महापालिकेतच ठेवायची भूमिका घेतली. महापालिका हद्दीत रोजगार हमी योजना लागू होत नाही. कागदावर शहर, जमिनीवर वाडी. सर्वेक्षणात हा भाग शहरी रोजगाराच्या रकान्यात जातो.

मग बघायचं तरी काय?

मी असे काही आकडे शोधले जे घरबसल्या कुणालाही पाहता येतात. सर्वात उपयोगी निघालं ते परिवहन खात्याचं वाहन पोर्टल. वसईचं आरटीओ म्हणजे एमएच-४८. तिथे महिन्याला किती दुचाकी, रिक्षा, टेम्पो नोंदले गेले ते दिसतं. रिक्षा आणि छोटा टेम्पो म्हणजे या भागात कुणीतरी कर्ज काढून सुरू केलेला धंदा, त्यामुळे कारपेक्षा तो आकडा जास्त बोलका.

मात्र या तिमाहीत तोही जपून वाचायला हवा. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली, ३ सप्टेंबरला परिषदेने दर ठरवले आणि ते लागू झाले २२ सप्टेंबरला. छोट्या दुचाकी, रिक्षा, मोठे टीव्ही, एसी आणि सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर. साहजिकच लोक पाच आठवडे थांबले. गणपतीत शोरूम शांत, घटस्थापनेला गर्दी. सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे आणि शेवटचा आठवडा हे दोन वेगळे महिने समजूनच पाहावे लागतात.

दुसरं म्हणजे फोनपेचं पल्स हे संकेतस्थळ. २०२१ पासून ते जिल्हावार आणि तिमाहीवार डिजिटल व्यवहार दाखवतं. पण व्यवहार वाढणं म्हणजे कमाई वाढणं नव्हे. कालपर्यंत रोख घेणाऱ्या मासेवालीने क्यूआर कोड लावला की आलेख वर जातो, टोपलीत मासे तितकेच असतात. तिसरं, मुद्रांक नोंदणीचे आकडे. त्यांत या शहरात बेकायदा इमारतींतले व्यवहार कुठे आणि कसे जातात हा वेगळ्याच लेखाचा विषय आहे.

आकडा नसल्याने बिघडतं काय?

कुणी म्हणेल, एवढ्याशा गावाची तिमाही मोजून करायचंय काय? पण निर्णय आकड्यांवरच होतात.

नुकसानभरपाई घ्या. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, आणि पिकाचं ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान पंचनाम्यात दिसलं तर मदत. आपत्ती निवारण निधीच्या निकषात बहुवार्षिक फळबागेसाठी हेक्टरी २२,५०० रुपये आहेत. विदर्भातल्या संत्र्याच्या बागेला हेक्टरचं माप ठीक आहे. इथे जमीन गुंठ्यांत आहे. दहा गुंठ्यांच्या वाडीचे होतात अडीच हजारांच्या आत-बाहेर. आणि लोकल बंद पडल्याने टोपलीत सडलेलं फूल पंचनाम्यात येतच नाही, कारण झाड तर शाबूत आहे.

दुसरं उदाहरण व्याजाचं. महागाई खाली म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारीपासून रेपो दर ६.५ वरून टप्प्याटप्प्याने कमी केला, ५ डिसेंबरला तो ५.२५ झाला. नालासोपाऱ्यात गृहकर्ज फेडणाऱ्या कुटुंबाला यात दिलासा आहे. भुईगावात जमिनीच्या पैशांवर किंवा निवृत्तीच्या रकमेवर घर चालवणाऱ्या जोडप्याला नाही. ठेवीचा दर एक टक्क्याने जरी उतरला तरी दहा लाखांवर वर्षाला दहा हजार रुपये कमी. म्हणजे भाजी स्वस्त झाली म्हणून वाडीची कमाई घटली, आणि भाजी स्वस्त झाली म्हणून महागाई घटली, म्हणून व्याजही घटलं. एकाच घराला एकाच कारणाने दोनदा फटका. देशासाठी ही 'अनुकूल स्थिती' आहे आणि तेही खोटं नाही. त्याच शहरात पाच किलोमीटरवर तिचा अर्थ उलटा होतो, एवढंच.

सरकारच्या बाजूने काही हालचाल नक्की आहे. असंघटित क्षेत्रातल्या, शेती सोडून इतर उद्योगांचं तिमाही सर्वेक्षण २०२५ पासून येऊ लागलंय. त्यात रिक्षावाला, शिंपी, छोटा दुकानदार येईल. वाडी मात्र शेती म्हणून बाहेरच राहील. २०२७ च्या जनगणनेनंतर निदान या भागात किती लोक राहतात हे तरी नव्याने कळेल. सध्याचे सगळे हिशोब २०११ च्या लोकसंख्येवर चालतात, आणि तेव्हापासून विरार लोकलची गर्दी किती बदलली ते रोज प्रवास करणाऱ्यांना ठाऊक आहे.

पुढची तिमाही

ऑक्टोबर-डिसेंबरचा आकडा फेब्रुवारीत येतो. तो वाचताना तीन गोष्टी जवळ ठेवा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला 'शक्ती' चक्रीवादळाच्या इशाऱ्यामुळे बोटींना समुद्रात न जाण्याच्या सूचना होत्या. ऑक्टोबरच्या शेवटी, भात कापून शेतात पडलेलं असताना पालघर जिल्ह्यात पाऊस झाला. आणि दसरा, दिवाळी, निर्मळची कार्तिकी यात्रा, नाताळ हे सगळं याच तिमाहीत आलं.

त्यानंतर २०२६. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे सगळे सण उशिरा. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, पितृपक्ष सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, घटस्थापना थेट ११ ऑक्टोबरला. म्हणजे जुलै-सप्टेंबर २०२६ च्या तिमाहीत नवरात्राचा एकही दिवस नसेल, आणि तुलना होईल ती नवरात्राचे नऊ दिवस मिळालेल्या यंदाच्या तिमाहीशी. वसईतल्या फूलवाल्यांची उलाढाल त्या तिमाहीत घटलेली दिसली, तर आधी बागेकडे नाही, कॅलेंडरकडे बघा.